डिस्चार्ज मिळाला, घरी नेलं, आणि आठवड्यात पेशंट परत ॲडमिट

सिस्टरताई

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिकल वॉर्डाची स्टाफ नर्स आहे. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडते.

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठलेला पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा त्याला आडवं झोपताही येत नसतं. पाय सुजलेले, एक वाक्य बोललं की धाप. आम्ही शिरेतून पाण्याचं इंजेक्शन (साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं) देतो, ऑक्सिजन लावतो, लघवी मोजतो. चार-पाच दिवसांत सूज उतरते, पेशंट एका उशीवर झोपायला लागतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि डिस्चार्ज होतो. पुढे पंधरा दिवसही होत नाहीत, तर त्यातला एखादा तशाच सुजलेल्या पायांनी परत दारात उभा.

परत येणारा प्रत्येक जण टाळता आला असता असं मी म्हणत नाही. काहींच्या हृदयाची ताकदच संपत आलेली असते, काहींना नवा झटका येतो, न्यूमोनिया होतो. पण आठवडाभरात घरी नेमकं काय झालं हे विचारलं की ज्यांची गोष्ट पाच मिनिटांत उलगडते, असे खूप असतात. हा धागा त्यांच्यासाठी. वॉर्ड ते घर हा टप्पा आपल्याकडे कुणाच्याच ड्युटीत नाही, हे माझं मुख्य म्हणणं. वॉर्डाचं काम कार्डावर सही झाली की संपतं. गावातल्या फॅमिली डॉक्टरला पेशंट ॲडमिट होता हेही कित्येकदा माहीत नसतं. घरच्यांना वाटतं, बरा झाला म्हणून सोडला.

पहिली गोष्ट गोळ्यांची. परत आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना मी सगळ्यात आधी घरची औषधांची पिशवी आणायला सांगते आणि ती खाटेवर उलटी करायला लावते. एका आजोबांच्या पिशवीतून मेटोप्रोलॉलच्या (ही गोळी बीपी आणि हृदयाचे ठोके कमी करते) दोन पट्ट्या निघाल्या होत्या, दोन कंपन्यांच्या, दोन रंगांच्या. एक गावातल्या डॉक्टरांनी पूर्वी बीपीसाठी दिलेली, दुसरी डिस्चार्जच्या वेळची. आजी दोन्ही देत होत्या, अगदी वेळ न चुकवता. आजोबा चक्कर येऊन पडले तेव्हा नाडी चाळिशीत होती. त्यात आजींचं काय चुकलं? "जुनी गोळी बंद करा" हे कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या औषधांची यादी सगळे देतात, बंद करायच्या औषधांची यादी कुणी देत नाही. ती मागून घ्या, एवढं तरी या धाग्यातून न्या.

दुसरं, समजावतो कुणाला? डिस्चार्जच्या दिवशी मुलगा बिलाच्या खिडकीपाशी असतो, फाइल त्याच्या हातात जाते, सूचनाही त्यालाच मिळतात. आणि घरी गोळ्या देणारी असते सून, जी त्या दिवशी डबा देऊन परत गेलेली असते. मी आता आधी विचारते, "घरी औषध कोण देणार?" त्या माणसाला बोलावून घ्यायला लावते, नाहीच जमलं तर फोन लावायला सांगून स्पीकरवर बोलते. आणि "समजलं ना?" असं विचारत नाही. त्यावर सगळे "हो सिस्टर" म्हणतात. "उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही कोणती गोळी देणार, मला दाखवा" असं म्हटलं की कळतं काय पोचलं आणि काय नाही. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते.

तिसरं वजन. अंगात पाणी साठायला लागलं की पायावर सूज दिसायच्या आधी वजन वाढतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. झोपताना एकाऐवजी दोन उशा लागायला लागल्या, रात्री धाप लागून उठून बसावं लागलं, तरीही फोन. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल तर फोनची वाट न बघता १०८.

मिठाचं सगळ्यांना माहीत असतं, पण फक्त भाजीतल्या मिठाचं. लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील हे कुणी मोजतच नाही. आणि पेशंटला अशक्तपणा वाटतोय म्हणून प्रेमाने ओआरएसची पुडी पाजणारे मी किती बघितलेत! जुलाबाच्या पेशंटला जीवदान देणारं ते पाणी. पण त्यात मीठ असतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये शरीर नेमकं तेच मीठ आणि पाणी बाहेर टाकू शकत नसतं.

तुमचे अनुभव लिहा. वॉर्डात आणखी काय करता येईल तेही सांगा.

कृष्णाकाठ

ताई, वाचताना आईचे ते दिवस आठवले. खाजगी रुग्णालय होतं. डॉक्टर सकाळी "आज घरी" म्हणाले, मेडिक्लेमची मंजुरी येईपर्यंत रात्रीचे आठ वाजले. गावात पोचलो तोवर मेडिकलचं दुकान बंद. सकाळी उघडल्यावर सहातल्या चार गोळ्या मिळाल्या, उरलेल्या दोन तालुक्याहून मागवल्या, त्या आल्या तिसऱ्या दिवशी. त्यात एक पाण्याची होती.

कार्ड पूर्ण इंग्रजीत. शेवटी एवढंच, की एका आठवड्याने रिपोर्ट घेऊन दाखवा. कोणते रिपोर्ट, कुठे करायचे, कुणाला दाखवायचे, काहीही नाही. रात्री काही झालं तर फोन करायला दिलेला नंबर रिसेप्शनचा निघाला.

आईला सहाव्या दिवशी परत न्यावं लागलं. आता ती ठीक आहे.

औषधी

मी केमिस्ट आहे, तालुक्याच्या गावी दुकान आहे. दुकानातून दिसतं ते सांगतो.

पट्टीतून चार गोळ्या कापून देताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा आमच्याकडे राहतो आणि गिऱ्हाइकाकडे नुसती चंदेरी पाठ जाते. घरी तीन-चार पट्ट्यांचे असे तुकडे एकत्र झाले की मग रंगावर ओळखायचं. डिस्चार्जनंतरच्या पेशंटला मी शक्यतो पूर्ण पट्टी देतो. कापावीच लागली तर पाकिटावर नाव, कशासाठी आणि कधी घ्यायची ते मराठीत लिहितो. तुमच्या दुकानदाराला हक्काने सांगा, तोही लिहून देईल.

ताईंनी सांगितलेला दोन कंपन्यांचा घोळ तर रोजचा आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, औषधाचं मूळ नाव खाली बारीक. ते बारीक नाव जुळवून बघा. एकच नाव दोन पट्ट्यांवर दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा, मग गोळी.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. हार्ट फेल्युअरच्या पेशंटने डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. लोक "एक अंगदुखीची द्या" म्हणून सहज मागतात, आणि घरी हृदयाचा पेशंट आहे हे सांगत नाहीत. आम्हीही दर वेळी विचारत नाही, विचारायला हवं.

लीड्सकर

औषधी यांच्या मुद्द्याला जोडून. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्या औषध दुकानांना एक काम सक्तीचं झालं आहे. पेशंट घरी जाताना रुग्णालय त्याची औषधांची यादी थेट त्याच्या नेहमीच्या दुकानाला कळवतं. काय नवं, काय बंद, कशाचा डोस बदलला. दुकानातला फार्मासिस्ट ती यादी जुन्या यादीशी ताडून बघतो आणि पेशंटशी बोलतो. याचे पैसे दुकानाला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा देते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी दुकानातूनच फोन आला होता, "ही जुनी गोळी आता घेऊ नका, घरी उरली असेल तर आणून द्या."

इथेही सगळं सुरळीत नाही. खाटा अडलेल्या असतात आणि घरी मदतनीस मिळेपर्यंत म्हातारी माणसं आठवडेच्या आठवडे वॉर्डात पडून राहतात. पण दुकानदाराला या साखळीत घेणं मला फार पटलं.

ओहायोवासी

मी इथे एका रुग्णालयात केस मॅनेजर आहे, म्हणजे डिस्चार्जचं नियोजन हेच माझं काम.

अमेरिकेत या विषयाला जोर आला तो २००९ साली. मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना. तिच्या बिलांवरून निघालं की घरी गेलेल्या पेशंटपैकी जवळजवळ पाचातला एक तीस दिवसांत परत ॲडमिट होतो. आणि शस्त्रक्रियेशिवायच्या आजारांत जे परत आले, त्यांतल्या निम्म्या लोकांनी मधल्या काळात एकाही डॉक्टरला दाखवल्याची नोंद नव्हती. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पेशंट कुणालाही न दाखवता थेट इमर्जन्सीत पोचत होते.

मग ऑक्टोबर २०१२ पासून दंड सुरू झाला. हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाचे पेशंट अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात परत आले तर मेडिकेअरकडून मिळणारे पैसे कापायचे. आधी १ टक्क्यापर्यंत, पुढे ३ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर रुग्णालयांनी माझ्यासारखी माणसं नेमली. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला आम्ही तीन दिवसांच्या आत फोन करतो आणि सात ते चौदा दिवसांतली डॉक्टरची वेळ घेतल्याशिवाय त्याला घरी सोडत नाही. "एका आठवड्याने या" असं मोघम नाही. तारीख, वाजण्याची वेळ, डॉक्टरचं नाव, आणि तुम्हाला गाडीने कोण आणणार हेसुद्धा.

पण दंडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गरीब वस्तीतल्या रुग्णालयांना सुरुवातीला जास्त मार बसला, कारण त्यांच्या पेशंटकडे औषधाला पैसे नसतात, घरी बघायला माणूस नसतो. २०१६ च्या कायद्याने ते थोडं सुधारलं, आता साधारण सारख्या पेशंटवर्गाच्या रुग्णालयांची आपसात तुलना होते. २०१८ मध्ये एका मोठ्या अभ्यासात असंही आलं की या काळात हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाच्या पेशंटचे घरी गेल्यानंतरचे मृत्यू वाढले. हे दंडामुळेच झालं का, यावर अजून वाद आहे. तरी आमच्या विभागात आम्ही तो अभ्यास कायम समोर ठेवतो. परत आलेला पेशंट दाराशी असेल तर त्याला आत घेताना आकड्याचा विचार मनात येता कामा नये.

निवासी

मेडिसिनचा रेसिडेंट आहे. धागा चांगला आहे, पण आमची बाजूही ऐका. सरकारी मेडिकल कॉलेजात युनिटचा ॲडमिशनचा दिवस आला की खाली गाद्या टाकून पेशंट ठेवावे लागतात. खाली झोपलेल्याला खाट मिळावी म्हणून वरच्याला डिस्चार्ज द्यायचा असतो. त्या गडबडीत मी किंवा माझा इंटर्न एका बैठकीत डझनावारी कार्डं लिहितो. प्रत्येकाला पंधरा मिनिटं बसून समजवावं ही माझीही इच्छा असते. ती पंधरा मिनिटं कुठून आणायची?

आणि हार्ट फेल्युअरमध्ये खरी अडचण औषधांच्या मात्रेची आहे. आम्ही चांगली औषधं कमी मात्रेत सुरू करतो, ती पुढच्या भेटींत रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) बघत वाढवायची असतात. पेशंट ओपीडीत आलाच नाही तर तो त्या सुरुवातीच्या मात्रेवरच वर्षभर राहतो. आपले पेशंट तरुणही आहेत. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत सरासरी वय ६१ च्या आसपास होतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं कमी. म्हणजे कमावत्या किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाबद्दल आपण बोलतोय. ओपीडीला यायचं म्हणजे त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही.

सिस्टरताई

निवासी, तुमचं शंभर टक्के खरं आहे. रेसिडेंटच्या डोक्यावर आणखी एक काम टाकावं असं मी म्हणतच नाहीये. उलट हे काम डिस्चार्जच्या शेवटच्या तासात कोंबायलाच नको. पेशंट ॲडमिट असतानाच रोज थोडं शिकवता येतं. सकाळी वॉर्डात वजन करतो तेव्हा ते नातेवाइकालाच लिहायला लावायचं. गोळ्या देताना कोणती कशाची हे बोलत द्यायचं. नूरा हेल्थ नावाची संस्था आहे, तिने नारायणा हृदयालयातून सुरुवात करून पुढे कर्नाटक, पंजाबसारख्या राज्यांत सरकारी रुग्णालयांमध्येही हेच नेलं. नर्स वॉर्डातच नातेवाइकांचा वर्ग घेतात. आपल्याकडे प्रत्येक पेशंटपाशी घरचं कुणीतरी चोवीस तास बसलेलं असतं. पाश्चात्त्य देशांतल्या वॉर्डांत हे सहसा नसतं. त्या माणसाला आपण फक्त "औषधं घेऊन या, रिपोर्ट घेऊन या" म्हणून पळवतो.

आता घरापर्यंत जायचा प्रश्न. हे आपल्याला अशक्य आहे असं मानू नका, कारण महाराष्ट्रानेच ते करून दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांना घरोघर तपासायला लावलं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. आज दवाखान्यात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, धोक्याची लक्षणं बघते. वजन करायचं, लक्षणं बघायची, वेळेत वर पाठवायचं. हार्ट फेल्युअरच्या आजोबांना पहिल्या पंधरवड्यात नेमकं हेच लागतं.

आशाची_लेक

सिस्टरताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मला थांबवायचंय तुम्हाला. माझी आई आशा आहे. त्या बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की तिला २५० रुपये मिळतात. एका भेटीचे नाही, सगळ्या भेटींचे मिळून. लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं, वर मोबाइलवर नोंदी. प्रत्येक नव्या योजनेत "हे आशा करेल" असं एक वाक्य असतं. कामाची लाज नाही तिला, गावात कुणाला धाप लागली की आजही आधी आमचंच दार वाजतं. पण काम वाढवणार असाल तर मोबदला, बीपीचं यंत्र आणि शंका आली तर उचलला जाईल असा डॉक्टरांचा फोन, हे तिन्ही आधी द्या.

सिस्टरताई

तुझं म्हणणं मान्य, बाळा. ते वाक्य मी सहज लिहून गेले नाही, पण मोबदल्याचं आधी लिहायला हवं होतं हे खरं. माझ्या डोक्यात आशाच्या जोडीने उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. बीपी, शुगर तपासणं त्यांच्या कामात आहेच, उपकरणंही असतात. त्यांना एवढंच कळायला हवं की आपल्या गावातला अमुक पेशंट काल घरी आला. आज ते कळवायची कुठलीच ठरलेली वाट नाही. आमच्या वॉर्डात मी मेट्रनबाईंकडे प्रस्ताव दिलाय की डिस्चार्ज कार्डावर गाव आणि उपकेंद्र लिहायचं आणि आठवड्याची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायची. मंजूर झालं की इथे कळवीन.

दिवेलागण

योजनेत ॲडमिट झालेल्यांसाठी एक माहिती. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यावर पंधरा दिवसांची औषधं आणि तपासण्या धरलेल्या असतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटून तुमच्या पॅकेजमध्ये काय बसतं ते निघायच्या आधीच विचारा. नंतर कुणी आपणहून सांगत नाही.

खाजगी मेडिक्लेममध्येही डिस्चार्जनंतरचा खर्च मिळतो, बऱ्याच पॉलिसींत साठ दिवसांपर्यंत. म्हणून बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या रात्री आठच्या प्रकाराबद्दल: विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसमध्ये रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने मंजुरी द्यायची आहे. उशिरामुळे वाढलेलं बिल कंपनीने सोसायचं.

पाऊसवेडी

धागा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन शंका. बाबांना पाण्याची गोळी आहे, पण लग्नकार्याला किंवा एसटीने जायचं असलं की ते ती घेतच नाहीत, सारखं लघवीला लागतं म्हणून. आणि मिठाऐवजी बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते वापरू का?

सिस्टरताई

पाऊसवेडी, प्रवासाच्या दिवशी गोळी बुडवणारे खूप आहेत, आणि मग लग्नाचं जेवण, त्यातलं मीठ, दुसऱ्या दिवशी धाप. ही गोळी ठरावीक ठोक्यालाच घ्यावी असं नसतं. वेळ पुढे-मागे करता येते, पोचल्यावर दुपारी घेता येते. डॉक्टरांना एकदा विचारून त्या दिवसाची वेळ ठरवून घ्या, पण दिवस कोरडा जाऊ देऊ नका.

कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच पेशंटना स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्या असतात, त्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. दोन्ही मिळून ते फार वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर धोका आणखी. अशा पेशंटना रोजचं नारळपाणीसुद्धा याच कारणाने चालत नाही. बाबांच्या गोळ्यांची मूळ नावं आणि शेवटचा क्रिएटिनिन-पोटॅशियमचा रिपोर्ट घेऊन पुढच्या भेटीला जा, आणि तोवर साधंच मीठ, कमी घालून वापरा.